मिनिटाला पन्नास थेंब

जहाजावरून, डर्बन बंदराबाहेर
ता. ११ ऑगस्ट २०१८

आदरणीय मोठेबाबांना मनालीचा सविनय जय भीम, मोठीआईलाही. तुमचा गुडघा, मोठीआईची साखर आणि तलावाची पातळी यांची चौकशी याच क्रमाने करते. उत्तर उलट्या क्रमाने येईल, हे माहीत आहे. माझी तब्येत ठीक आहे. वजन दोन किलोने वाढलं (दोष चीफ कुकचा).

बाबांनी तुमच्या शब्दावर मला सहा महिने दिले. येत्या शुक्रवारी ते संपतात. मी घरी येऊन भंडाऱ्याच्या तंत्रनिकेतनात शिकवावं, असं त्यांना वाटतं. मला जहाजावरच राहायचं आहे. पण माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत सेकंड इंजिनिअरने बरा शेरा दिला तरच ते शक्य आहे. ती वही माझ्याच हाताने कशी धोक्यात आली, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं.

त्याआधी एक दुरुस्ती. धाकटा भाऊ अंकुश कळवतो की तुम्ही अड्याळच्या स्टँडवर सगळ्यांना सांगता, "आमची मनाली जहाज चालवून राह्यली, आता कॅप्टनच होते." मोठेबाबा, मी कॅप्टन कधीच होणार नाही. ती वाट डेकवाल्यांची. कुठे जायचं ते डेकवाले ठरवतात, जहाज तिथवर जाईल हे आम्ही इंजिनवाले बघतो, आणि दोघांनी एकमेकांशी कोणत्या सुरात बोलायचं हे स्वयंपाकघरावर अवलंबून असतं. मी फार तर चीफ इंजिनिअर होईन. (त्याच्याही खांद्यावर कॅप्टनइतक्याच चार पट्ट्या असतात, हे स्टँडवर सांगायला हरकत नाही.) इथे माणसाला कामाच्या नावाने हाक मारतात: सेकंड, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), मोटरमन (इंजिन रूममधला कामगार). सहा महिन्यांत मला कोणी आडनाव विचारलेलं नाही. पाना कुठे ठेवला, हे मात्र दिवसातून चारदा विचारतात. तुम्ही विचारालच म्हणून लिहिते, अधिकाऱ्यांचं जेवणघर वेगळं आणि खलाशांचं वेगळं आहे. परीक्षा पास झालं की खोली बदलते. हे मला पूर्ण पटलेलं नाही, पण परीक्षेला कोणीही बसू शकतं, एवढं खरं.

आता चूक. मागच्या मंगळवारी आम्ही भर समुद्रात होतो. कोळसा उतरवून झाला होता, डर्बनला मका भरायचा होता, म्हणून बोसन आणि त्याची माणसं जहाजाच्या पोटातले पाच खण धूत होती. (एकेक खण एवढा खोल की आपल्या विहारावर आणखी एक विहार ठेवला तरी वर झाकण लागेल. मी पहिल्यांदा तळाशी उभी राहिले तेव्हा काही मिनिटं नुसती वर बघत होते.) धुण्याचं पाणी खाली इंजिन रूममधला एक पंप देतो. त्या पंपाचा दांडा जिथे आत शिरतो तिथून, म्हणजे ग्लँडमधून, मिनिटाला पन्नासेक थेंब मुद्दाम पडू देतात, कारण त्यांनीच दांडा थंड राहतो. यावर परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न होता. मला पाच मिळाले होते.

पण मी पाणकराची पुतणी. बांधातून पाणी झिरपताना दिसलं की तुमचा पाय आपोआप तिथे चिखल दाबतो, तसा माझा हात गेला. ग्लँडच्या दोन्ही नटांना पाऊण फेरा दिला. थेंब बंद झाले. मला फार समाधान वाटलं.

वीस मिनिटांनी मोटरमनने हवेत नाक वर केलं. कुठलीही घंटा वाजली नव्हती. तो धावत गेला आणि त्याने पंप थांबवला. दांड्याभोवती गुंडाळलेल्या दोरीचे वेढे जळून धूर निघत होता. तिकडे खणात बोसनच्या हातातला पाइप लुळा पडला. त्याने चीफ ऑफिसरला कळवलं, त्याने सेकंडला, आणि मग वरून कॅप्टनचा फोन आला. सेकंडने फक्त "चालीस मिनट, सर" म्हटलं. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाच्या कामात हात घातला नाही. एकाने वेढे कापले, एकाने दांडा पुसला, एकाने दुसऱ्या पंपाचे व्हॉल्व्ह बदलून बोसनला निदान अर्धं पाणी दिलं. तेवढ्यात वरून सात चहा आले. कोणी मागवले नव्हते. चीफ कुक म्हणे स्वयंपाकघरात उभा राहून पंपाचा आवाज ऐकतो. आवाज थांबला की खाली चहा लागतो. मोठेबाबा, आम्ही बावीस माणसं आहोत, आणि बावीसही जण एकमेकांचं काम कानाने ओळखतात. एवढं मोठं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. अडतिसाव्या मिनिटाला पंप सुरू झाला.

मग सेकंडने विचारलं, "ग्लँड किसने कसा?"

"मैंने, सर. पानी टपक रहा था."

"घर में कौन है पानीवाला?"

"मेरे बड़े पिताजी. गाँव के तालाब का पानी बाँटते हैं."

"तो उनको चिट्ठी लिखो," ते म्हणाले, "कि जहाज़ के नीचे बहुत पानी है. बचाने की ज़रूरत नहीं."

मोटरमन तोंड फिरवून हसला. मला दोन तास पंपापाशी बसून थेंब मोजायला लावलं, दर पाच मिनिटांनी नोंद. हे पत्र म्हणजे त्या हुकमाची अंमलबजावणी समजावी.

तुमची,
मनाली

ता. क. पाकिटावर तुमचं एकट्याचं नाव आहे. बाबांनी आधी वाचू नये.

आणखी ता. क. काल सेकंडने वहीत शेरा लिहिला: "चूक केली, विचारताच सांगितली. हिला ठेवावं." कंपनीने आणखी चार महिने थांबशील का, असं विचारलं.

शेवटचा ता. क. मी हो म्हटलं. शुक्रवारचं माझं विमानाचं तिकीट रद्द झालं आहे. पत्र पोचेल तेव्हा आम्ही मका घेऊन तैवानच्या वाटेवर असू. गाव भांडत बसलं की तुम्ही आधी पाणी सोडता आणि मग बैठक बोलावता. मी पाणी सोडलं आहे. बाबांसोबतची बैठक तुम्ही घ्या.