सोपानमामांचा कान

मुलींचे वसतिगृह, नागपूर
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. सोपानमामांना,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

मामा, तुमच्यापायी मी हॉस्टेलमध्ये चेष्टेचा विषय झालेय. बाकीच्या जणी घरी व्हिडिओ कॉल करतात आणि मी, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करणारी बाई, पोस्टाची तिकिटं चिकटवत बसते. माझी रूममेट स्वरूपा विचारते, तुझे मामा कोणत्या शतकात राहतात. मी सांगते, भोसरीजवळ.

सोबत मेमरी कार्ड आणि हेडफोन पाठवतेय. कार्डात वेगवेगळ्या वर्कशॉपमधल्या लेथ मशीनचे तीनशे आवाज आहेत, प्रत्येकी दहा सेकंदांचे. दिवाळीत तुमच्या शॉपमध्ये आपण चारशे केले तसंच करायचं: लोखंड कापणारं टूल चांगलं असेल तर बरोबरची खूण, झिजलं असेल तर फुली. टूल झिजलंय हे कॉम्प्युटरनं आवाजावरून ओळखावं, एवढंच माझं संशोधन. पण त्याला आधी कुणीतरी शिकवायला हवं, आणि तीस वर्षं लेथवर काढलेला तुमच्यासारखा मास्तर मी कुठून आणू? दिवाळीच्या चारशेपैकी तुमचे तीनशे एक्याण्णव बरोबर निघाले. माझ्या गाइड इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, हा कान आपल्या विभागात आणून बसवायला हवा!

मार्चमध्ये हे काम समितीपुढे दाखवायचंय. पसंत पडलं तर पुढे, नाहीतर एक वर्ष मागे. पण तुम्ही पाठीशी असताना मला कसली काळजी.

मामीला सांगा, तिळाचे लाडू पोचले आणि मला त्यातले दोनच मिळाले. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला, आणि माया आहे तशी असू द्या.

तुमची भाची,
उत्कर्षा

पिंपळे गुरव
२४ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास,
मामाचे अ. उ. आ.

पत्र पावलं. मी बोलतो तसंच लिवतो, मॅडमला दावू नको, न्हाईतर म्हणतील मास्तर अडाणी हाय. फोनचं म्हणशील तर शॉपमधी फोन न्यायला शेठनं बंदी केलीया, आन् घरी तुझी मामी सोडल तवा मला मिळंल. शिवाय पत्र कसं, पुन्यांदा काढून वाचता येतं.

वही सोबत धाडतो. तीनशेच्या तीनशे खुणा केल्यात. आठवडाभर रोज संध्याकाळी हेडफोन कानाला लावून बसलो. तुझी मामी मंजुळा म्हणली, म्हातारपणी गाण्यांचं खूळ लागलं व्हय. त्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडं. तीनाच्या नऊ झाल्या, डाळीचा लगदा. आता ते खातं माझ्याकडनं काढून घेतलंय.

बाकी बरं हाय. शॉपमधली पोरं लई लाडात आलीत. शेजारच्या मशीनवरचा नदीम आन् बाकीची, हाक मारायची सोडून थेट समोरनं येऊन खांद्यावर हात टाकत्यात. मी सगळ्यात जुना माणूस, काय मान-बिन हाय का न्हाई? पण राग येत न्हाई मला.

येळेवर जेवत जा. लोभ हाय त्यात खोट पडू देऊ नको.

तुझा मामा,
सोपान

नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. वहीतल्या तीनशेपैकी एकाहत्तर खुणा चुकल्यात. त्या वर्कशॉपवाल्यांनी पडताळणीसाठी टूलचे भिंगाखालचे फोटो मागाहून पाठवले, त्यामुळे खरं काय ते मला कळलं. नवल म्हणजे सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत. जिथं टूल बारीक आवाजात किंचाळतंय, जे माझ्यासारखीलाही कळेल, नेमकं तिथं तुम्ही बरोबरची खूण केलीत.

इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, दुसरा जाणकार बघ. मी भांडले त्यांच्याशी. त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून म्हटलं, माझ्या मामांचा कान चुकत नाही, चूक हेडफोनची असणार. मी स्वस्तातले घेतले होते ना. म्हणून स्वरूपाचे भारी हेडफोन मागून पाठवतेय. तेवढे एकाहत्तर आवाज परत ऐकाल का? समिती दहा मार्चला आहे. रात्री झोप येत नाही, पण मला दुसरा जाणकार नकोय.

तब्येतीला जपा. माझ्यावर रागावू नका.

उत्कर्षा

पिंपळे गुरव
१९ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षास,
अ. उ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. हेडफोन तसंच परत धाडतो. त्यांचा काय दोष न्हाई, माझा हाय.

पोरी, दोन वर्सं झाली, मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. मशीनची घरघर येती. माणूस समोर आसल तर त्याच्या ओठांवरनं जुळवतो. पण शिट्टी न्हाई, चिरचिर न्हाई, फोनवरचं बोलणं तर अजिबात न्हाई. शेठनं फोनबंदी केली हे खोटं हुतं. तू फोनवर काय बोलतीस ते कळंना, आन् सारखं काय काय म्हणून विचारायची लाज वाटली, म्हणून पत्राचं खूळ काढलं. हे फक्त मंजुळाला ठावं हाय.

शॉपमधी माझं भागतं. डावा हात मशीनच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर ठेवला की टूलाचं काय चाललंय ते तळव्याला कळतं. दिवाळीतलं चारशे मी हातानं सांगितलं, कानानं न्हाई. आता हेडफोनवर हात ठेवून काय कळणार? नुसत्या घरघरीच्या अंदाजानं खुणा केल्या. तू एवढ्या भरवशानं धाडलंस, न्हाई म्हणायला जीभ रेटंना. सोपानचा कान म्हणून शॉपमधी माझं नाव हाय. शेठला कळलं तर पॅकिंगला बसवतील, याचं भ्या वाटतं.

पण तुझं वरीस माझ्यामुळं वाया गेलं तर मी कुठल्या तोंडानं तुझ्यापुढं उभा राहू? मॅडम म्हणत्यात तसं कर. दुसरा माणूस बघ आन् माझं नाव खोडून टाक.

मामाला माफ कर.

सोपान

नागपूर
१२ मार्च २०२५

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

मी तुमच्यावर भयंकर रागावलेय. दोन वर्षं! तुमचं पत्र वाचून मी जिन्यात बसून इतकी रडले की स्वरूपाला वाटलं, घरचं कुणी गेलं. माफी कसली मागता? मलाच कसं कळलं नाही, याची मला लाज वाटतेय.

मग डोळे पुसले आणि दिवाळीतले व्हिडिओ उघडले. ते मी आवाजासाठी घेतले होते, तुमच्याकडे धड बघितलंच नव्हतं. चारशेच्या चारशे व्हिडिओंत तुमचा डावा तळवा हेडस्टॉकवर आहे. एकातही हात खाली नाही. आणि ही संशोधक बाई माइक धरून उभी!

आमच्या मेकॅनिकल विभागात एक लेथ आहे. तुमचा तळवा असतो त्याच जागी मी मशीनचा कंप मोजणारा सेन्सर चिकटवला. नुसत्या आवाजावर कॉम्प्युटर शंभरात अठ्ठ्याहत्तर वेळा बरोबर ओळखत होता. हाताची जोड मिळाली तर त्र्याण्णव वेळा! परवा समितीनं विचारलं, हे सुचलं कुठून. मी म्हटलं, आमच्या जाणकारांना मशीन हाताला कळतं. कानाबद्दल चकार शब्द काढला नाही, ते कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवा. समितीनं काम पसंत केलं. माझं वर्ष वाचलं, मामा, तुमच्यामुळे वाचलं.

तुमचं नाव मुळीच खोडणार नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापणार आहे. त्या बदल्यात मामीला बरोबर घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. सबबी चालणार नाहीत, मी तुमचीच भाची आहे.

माया तर आहेच, आता लपवाछपवी तेवढी नको.

तुमची,
उत्कर्षा

पिंपळे गुरव
३० मार्च २०२५, पाडवा

चि. उत्कर्षास,
मामा-मामीचे अ. उ. आ.

दोन्ही कानांत यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी तर घरातल्या पंख्याचा बी राग आला, एवढा कलकलाट. मंजुळा म्हणली, आता तरी माझं ऐकाल. मी म्हणलं, यंत्रानं ऐकू येतं, ऐकावं लागतं असं डॉक्टर म्हणलं न्हाईत. आज पुरणाची डाळ शिजत हुती, तिनं शिट्ट्यांचं खातं मला परत दिलं.

यंत्र लपवून शॉपला जाणं काय खरं न्हाई, म्हणून आधी नदीमला सगळं सांगितलं. वाटलं, पोरगं चाट पडंल. तर त्यो हसाय लागला. म्हणला, मामू, सगळ्या शॉपला दीड वर्सापासनं ठावं हाय, शेठला बी. मागनं हाक मारली तर तुमाला कळायचं न्हाई, आन् मागनं हात लावला तर दचकून तुमचा हात मशीनमधी गेला असता. म्हणून शेठनंच सगळ्यांना सांगून ठेवलं हुतं, सोपानला हाक मारायची न्हाई, समोरनं जाऊन खांद्यावर हात ठेवायचा.

आन् मी त्यांना लाडात आली म्हणत हुतो. पोरी, दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आन् आधी नदीमपुढं सारला.

आता हाक ऐकू येती. तरी पोरं खांद्यावरच हात टाकत्यात, आन् मी बी टाकू देतो.

येत्या रविवारी सकाळी फोन कर. मंजुळाला सांगून ठेवलंय, मीच उचलणार. पत्रं मात्र बंद करू नको, मला पुन्यांदा वाचायला लागत्यात.

लोभ कागदावर हुता तसाच फोनवर बी राहू दे.

तुझा मामा,
सोपान