एक्केचाळीसचं ताट

३ फेब्रुवारी, सोमवार

दत्तक गेलेल्यांच्या लेकीलेकरांनो, ही वही तुमच्यासाठी लिहायला घेतली आहे आणि मंडळाच्या पुढच्या सभेत ती जशीच्या तशी वाचणार आहे. आपलं दुखणं एकच. डॉक्टर विचारतात, घराण्यात आधी कुणाला हा आजार होता का? आपल्याला ठाऊक नसतं. डॉक्टर पेन टेकवून थांबतात, मग रेघ मारतात. त्या एका रेघेत आपली अख्खी पिढी झोपवलेली आहे. जन्म आपल्या आयांचे, कपाटं मात्र संस्थांची, आणि किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत तेही आपल्याला कुणी सांगत नाही. वीस वर्षं मी व्यासपीठावरून ओरडते आहे की आम्हाला दया नको, कागद द्या. आज पहिल्यांदा एका संस्थेने दार उघडलं आहे.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना आजी-आजोबांनी तिला इथून, या अनाथाश्रमातून, दत्तक नेलं. जन्मात कधी काही मागितलं नाही तिने. गेल्या महिन्यात मात्र सहज बोलल्यासारखी म्हणाली की मरायच्या आधी एवढंच कळू दे, मला कुणी सोडलं होतं की मी कुणाची हरवले होते.

इमारत दुमजली, स्वच्छ, खिडक्यांना नुकताच हिरवा रंग दिलेला. फाटक सताड उघडं. मला वरच्या मजल्यावर खोली दिली आहे. लोखंडी खाट, धुतलेली चादर आणि खिडकीखाली अंगणातला नळ. दफ्तर सांभाळणाऱ्या बाई साठीच्या, अंबाड्यात पेन खोचलेल्या. रोज सकाळी त्या हजेरी घेतात म्हणून इथल्या सगळ्याजणी त्यांना हजेरीबाई म्हणतात. चहा त्यांनीच आणून दिला. दादाला फोन करून पोहोचल्याचं कळवलं. तो म्हणाला, तिथे भाषण ठोकू नकोस गं, कपाटं बहिरी असतात. मी म्हटलं, म्हणूनच तर मोठ्याने बोलावं लागतं. फार दिवसांनी इतकी हसले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इथे आता मुलं नाहीत. नऊ म्हाताऱ्या आहेत, ज्यांना लहानपणी कुणीच नेलं नाही. मुलं येणं बंद झालं, या राहिल्या. एकमेकींना नंबरानेच हाक मारतात, अठ्ठावीस, मीठ सरकव गं, अशी. ही अठ्ठावीस मोठी वात्रट आहे. तिने मला विचारलं की तुमच्या मंडळात कुणाला चौऱ्याहत्तर वर्षांची मुलगी दत्तक हवी असेल तर बघ, दात नाहीत त्यामुळे चावणार नाही. बाकीच्या हसून हसून लोळल्या. एकोणीस म्हणाली, हिला नेलं तर तिसऱ्या दिवशी परत आणून सोडतील.

बारा वाजता घंटा होते. लांबलचक टेबल, कडेला रंगाने घातलेले नंबर. जिचं नाव हजेरीत तिची खुर्ची आणि तिचं ताट, असा नियम. बायका नऊ आणि ताटं दहा होती. हजेरीबाई म्हणाल्या, बसा, ही जागा रिकामीच असते, ताट तर वाढलेलं असतंच. बसले. समोर ४१ आकडा होता. शेजारी ४० च्या जागी खुर्चीच नाही, नुसती फट.

दाराजवळच्या भिंतीला टेकून एक बाई उभी होती. वाढणाऱ्यांपैकी असेल. पण ती काही वाढत नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं!

दफ्तराची खोली तळमजल्यावर आहे. वह्या उंच, कापडी पुठ्ठ्याच्या. रकाने असे: नंबर, आल्याची तारीख, अंगावरची खूण, कशी आली, रवाना, कुणासोबत. चार तास उभ्याने पानं उलटली आणि आजोबांची सही दिसली. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली, माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच. तिथल्या तिथे रडले.

मग ओळ नीट वाचली. सही नंबर ४० समोर आहे, आणि खूण लिहिली आहे 'डाव्या भुवईवर कापल्याचा व्रण'. आईच्या भुवईवर काहीही नाही.

खालची ओळ ४१. खूण: 'उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग'. हा डाग मी लहानपणापासून बघते आहे. कशी आली: 'बाजारात सापडली. हरवलेली. सोडलेली नाही.'

सोडलेली नाही. चार वेळा वाचलं.

म्हणजे आजोबांनी घाईत एक ओळ वर सही केली. आई गेली, पण कागदावर गेली ती चाळीस. आणि एक्केचाळीस? पुढच्या सगळ्या वह्या काढल्या. रोज 'हजर'. अडुसष्ट वर्षं. आजही. म्हणून ते ताट! आईचं ताट रोज वाढतात आणि रोज काढून टाकतात. दोन दिवस मी आईच्या जागेवर जेवते आहे.

दादाला सांगितलं नाही. आईलाही नाही. फोनवर सांगायची गोष्ट नव्हे ही. शिक्क्याची नक्कल घेईन आणि आईच्या हातात ठेवेन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नकलेसाठी अर्ज केला. हजेरीबाई म्हणाल्या, हजर असलेल्या मुलीची नक्कल बाहेर देता येत नाही. मी म्हटलं, अहो, ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि आत्ता घरी बातम्या बघत असेल. त्या म्हणाल्या, असेल, पण वही तसं म्हणत नाही.

घंटेला भिंतीपाशी तीच बाई. आज मुद्दाम जवळून गेले. तिच्या डाव्या भुवईत पांढरी चीर आहे, तिथे केस नाहीत.

जेवून उठेपर्यंत मी मान वर केली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हजेरीबाईंना विचारलं, ती भिंतीपाशी कोण? त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोण कोण? अठ्ठावीसला विचारलं. तिने पहिल्यांदाच थट्टा केली नाही. बारीक आवाजात म्हणाली, रवाना झालेल्यांबद्दल जेवताना बोलू नये.

म्हणजे हे असं. आजोबा एका मुलीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर गेले आणि दुसरीचं नाव कापलं गेलं. त्या दिवसापासून हिचं ताट बंद, खुर्ची बंद. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. मोजून वाढणाऱ्यांनी मोजून वाढलं, इतकंच. हजेरीबाईंना म्हटलं, इतकी वर्षं माणूस न जेवता कसं राहील? त्या शांतपणे म्हणाल्या, जे गेले त्यांना भूक नसते.

मी टेबलावर हात आपटला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण आज दफ्तराच्या खोलीत एका बाईसमोर केलं. हिला उष्टं नको, उपकार नको, हिला वहीत जागा द्या! भीक नको, हक्क द्या! हजेरीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे. दुरुस्ती होऊ शकते.

चार दिवस माझ्यासमोर भरलेलं ताट होतं आणि ती चार पावलांवर होती. हे आत्ता लिहिताना सुचलं. पण एकदा ताट देऊन काय होणार? मुळात दुरुस्ती व्हायला हवी.

१० फेब्रुवारी, सोमवार

झालं.

नियम असा की सही करणारा हयात नसेल तर घरचं माणूस ती हलवू शकतं. चाळीससमोरची आजोबांची सही रद्द केली. एक्केचाळीससमोर 'रवाना' लिहून मी सही केली. तारखेपाशी थांबले. हजेरीबाईंनी विचारलं, मागची तारीख घालता का? मी म्हटलं, मागच्या तारखा घालण्याविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आले आहे. आजचीच घाला. त्यांना ते आवडलं. म्हणाल्या, सगळे असे काटेकोर नसतात.

आजची तारीख घातली.

नक्कल उद्या मिळेल. परवा घरी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीसच्या जागी खुर्ची आली! ताट आलं! ती आली, बसली, आणि बराच वेळ ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग जेवली. कसं सांगू तुम्हाला! सभेत हे वाचताना माझा आवाज फुटणार आहे.

एक्केचाळीसची खुर्ची काढली होती. साहजिक आहे. मी गमतीने म्हटलं, पाहुणीचे तीन दिवस संपले वाटतं. कुणी हसलं नाही. अठ्ठावीसला म्हटलं, मीठ सरकव गं. तिने सरकवलं नाही. जागा नव्हती म्हणून उभी राहिले.

हजेरीबाई दफ्तरात नक्कल समोर ठेवून बसल्या होत्या. हाक मारली. मग पुन्हा मारली. त्यांनी नक्कल खणात ठेवली आणि उठून गेल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खोलीतली गादी गुंडाळून ठेवली आहे. बॅग खाली दाराजवळ.

थट्टा करताहेत असं वाटलं होतं. हजेरीबाईंच्या तोंडासमोर हात हलवला. त्या माझ्या हाताच्या पलीकडे बघत राहिल्या, खिडकीतून बघावं तसं.

हजेरीची वही काढून पाहिली. ३ तारखेपासून नीट पाहिली. पाहुण्यांची वही वेगळी असते, तिच्यात माझं नावच नाही. ४१ समोर मात्र, मी त्या खुर्चीत बसले त्या दिवसापासून, 'हजर' या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब आहे. आधीच्या अडुसष्ट वर्षांत एकही टिंब नाही. त्या जागेवर कुणीतरी खरंच बसलं होतं, जेवलं होतं. आणि दहा तारखेला ती रवाना झाली. सही माझी. तारीख माझी.

दादाला फोन केला. हॅलो, हॅलो, म्हणाला. मी ओरडले. तो आईला म्हणाला, नुसती खरखर येतेय. आईने मागून काहीतरी विचारलं. फोन बंद केला त्याने.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फाटक उघडंच आहे. कुणी अडवलं नाही. बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. दुकानदाराने माझ्या अंगावरूनच पलीकडच्या गिऱ्हाइकाला पुडी दिली. बसमध्ये चढले. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. बस सुटली, रस्ता मागे पडत होता, आणि घंटा झाली —

भिंतीपाशी उभी होते.

१४ फेब्रुवारी

पुन्हा गेले. पुन्हा बारा वाजता भिंत.

भूक नाही. बाईंचं खरं होतं. भीती वाटायला हवी, तीही वाटत नाही. हाताला झोपेत मुंग्या येतात तसं सगळं अंग.

चाळीस रोज जेवते. तिला मी दिसते. नक्की दिसते. पहिला घास घ्यायच्या आधी तिची मान एकदा भिंतीकडे वळते, मग ताटात जाते. राग येत नाही. मीही तेच केलं होतं —

१५

खोली नाही. जिन्यात बसते.

आईला फोनवर सांगायला हवं होतं. चार शब्द होते. हरवली होती, सोडलेली नाही. मला शिक्का हवा होता.

१७ फेब्रुवारी

दादा आला.

दाढी वाढली आहे. हजेरीबाईंनी वही दाखवली. रवाना, दहा तारीख. म्हणाल्या, सही तुमच्या बहिणीचीच ना? तो म्हणाला, हो, तिचीच. थोडा हसला. म्हणाला, कुठे रस्त्यात माईक दिसला असेल, बाईसाहेब तिथेच उतरल्या असतील. मग हसू ओठातच विरलं. पोलिसांत जातो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्याने खांदा झटकला, माशी बसल्यासारखा.

बाईंनी त्याला नक्कल दिली. बहिणीने मागितली होती, म्हणाल्या. त्याने उभ्यानेच वाचली. डोळे पुसले. आईला आज रात्री कळेल.

मला आनंद व्हायला हवा होता. वाट पाहिली. झाला नाही.

त्याला जेवायला थांबवून घेतलं आहे. बाहेरच्या माणसाचं ताट मोजणीत धरत नाहीत. बाहेरचा माणूस कुठेही ताट मांडू शकतो, कुणी अडवत नाही. हे मला आठ दिवस कळलं नाही. मी पण बाहेरची होते तेव्हा —

तो हात धुतोय. माझी बॅग खाली आहे, तो ती नेईल. ही वही तिच्यात सरकवते.

लेकीलेकरांनो, सभेत ही कुणीतरी दुसरं वाचेल. टाळ्या नकोत. अर्ज करू नका, वही मागू नका, कुठेही सही करू नका. इथे या. बारा वाजता. जेवणघरात, दाराजवळच्या भिंतीपाशी, जमिनीवर, एक ताट मांडा. कुणी दिसो न दिसो. वाढा आणि नावाने हाक मारा, नंबराने नाही, माझं नाव