तिसरा मजला आणि नूहचा मुलगा

मुलुंड (पूर्व)
५ मे २०२५

चि. विद्याधर यास अ. उ. आ.

शुक्रवारी तुझ्या स्वयंपाकघराच्या छताचा परातीएवढा तुकडा ओट्यावर पडला. हे मला तू नाही, हमीदाबाईंनी सांगितलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू आवाज येत नाही म्हणून ठेवून देतोस. तेव्हा अण्णांचा नियम लागू: भावंडांचं भांडण कागदावर, उत्तर आठ दिवसांत, आणि पत्र फाडायचं नाही.

इमारत धोकादायक असल्याची पालिकेची नोटीस लागून दोन महिने झाले. सोळापैकी पंधरा बिऱ्हाडं गेली. तुमच्या सोसायटीच्या अध्यक्ष हमीदाबाई परकार दुखऱ्या गुडघ्यांनिशी सगळ्यांत आधी भाड्याच्या घरात गेल्या. तुझी बायको प्रेमासुद्धा लेकीकडे दहिसरला जाऊन बसली. राहिलास तू एकटा, तिसऱ्या मजल्यावर. का, तर तिथला स्लॅब चौऱ्यांशी साली तू देखरेखीला स्वतः उभा राहून ओतून घेतलास.

हमीदाबाईंनी फोनवर एक गोष्ट सांगितली. त्यांच्या कुराणात नूहचा प्रलय आहे. नूह जहाजातून मुलाला हाक मारतो, की बाळा, आमच्याबरोबर चढ. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर जाईन, डोंगर मला वाचवेल. मग दोघांच्या मध्ये एक लाट येते. संपलं. त्या म्हणाल्या, आपल्याला डोंगर ठाऊक आहे, एवढीच त्या पोराची घमेंड होती. मला लगेच तू दिसलास, गंजीफ्रॉकात.

रविवारी सामान बांध. लोभ आहेच, तो वाढवायला माणूस जिवंत लागतो.

जयंती

*

बोरिवली (पश्चिम)
९ मे २०२५

ती. जयंतीताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. फाडलं नाही.

तुकडा परातीएवढा नव्हता, ताटलीएवढा होता. आणि ते प्लॅस्टर होतं गं, स्लॅब नव्हे. पोह्यांवर झाकण होतं, तेही वाचले. परकारभाभींना अध्यक्ष झाल्यापासून सगळं मोठंच दिसतं.

नूहच्या मुलाचं मात्र वाईट वाटलं. म्हणून तुझ्या मैत्रिणीला, मिल्का पेणकरला फोन लावला. म्हटलं, बेने इस्रायली ज्यूंच्या ग्रंथात तरी पोरगा वाचतो का बघू. ती म्हणाली, आमच्याकडे नोहाची तिन्ही मुलं निमूट चढली, बुडालेला कोणी नाहीच. मी खूश. पण मिल्का कॉलेजात होती तशीच आहे, फोन ठेवू देईना. म्हणाली, बहिणीला योनाची गोष्ट सांग. आम्ही मोठ्या उपासाच्या दिवशी ती वाचतो.

तर देवाने योनाला निनवे शहरात पाठवलं, चाळीस दिवसांत शहर उलथून पडेल अशी ताकीद द्यायला. तो आधी पळाला, माशाच्या पोटात राहून आला, मग त्याने ताकीद दिली. शहराने चक्क ऐकलं. राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी उपास केला, देवाने माफ केलं. आनंद व्हायला हवा की नको? योना चिडला. शहराबाहेर मांडव घालून बसला, पडतंय का बघत.

ताई, तुझा मांडव मुलुंडला आहे. गेल्या पावसाळ्यात दर सोमवारी फोन करून विचारायचीस, काही पडलं का. नाही म्हटलं की गप्प व्हायचीस. माझी घमेंड दिसते, तुझी कोण बघणार?

रविवारी मी येत नाही. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, आणि पाठवलंस तर लोणचं पाठव.

तुझा (अजून उभा) विद्याधर

*

मुलुंड (पूर्व)
१२ मे २०२५

चि. विद्याधर यास अ. उ. आ.

मिल्काशी माझं बोलणं बंद आहे, निदान गुरुवारपर्यंत.

मांडवाचं खरं आहे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. गेल्या जुलैत तू काही पडलं नाही म्हणालास, तेव्हा हायसं वाटायच्या आधी मी चिडले होते. तीस वर्षं कॉलेजात मुलींना बजावलं, की नापास व्हाल. ज्या तरीही पास झाल्या त्यांच्यावर मनातून राग धरला. मान्य. हवं तर सही करून देते.

पण गोष्ट तू अर्धीच घेतलीस. हमीदाबाईंना विचारलं. त्यांच्याकडेही योना आहे, ते त्याला युनूस म्हणतात. ताकीद मिळाल्यावर वेळेत ऐकून वाचलेलं गाव म्हणून कुराणात त्याच्याच लोकांचं नाव येतं. म्हणजे शहर वाचलं ते भिंती पक्क्या होत्या म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. ताकीद देणारा तोंडावर पडला आणि माणसं जगली. मला तेवढंच हवं आहे. तू बाहेर पड, आणि इमारत खुशाल वीस वर्षं उभी राहू दे. दर दिवाळीला प्रेमासमोर मला हस, मी उलट बोलणार नाही.

हल्ली फोन वाजला की आधी मी खुर्चीत बसते, मग उचलते. मला खोटी ठरव, विद्या.

लोभ मागायची माझी सवय नाही. या खेपेला मागते.

जयंती

*

बोरिवली (पश्चिम)
१५ मे २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

तू चूक कबूल केलीस म्हणून पत्र मिल्काला फोनवर वाचून दाखवलं. तिचा विश्वास बसेना, दोनदा वाचायला लावलं.

रविवारी दहाला ये. परकारभाभींनाही घेऊन ये. टेम्पो प्रेमाने दहिसरहून सांगितला आहे, म्हणजे आता माघार नाही. भाभींच्या हातात मला एक वस्तू द्यायची आहे, तेव्हा तू शेजारी असावीस. मी घमेंडीपायी अडून बसलोय असं तुम्ही सगळे समजलात. मी समजू दिलं. खऱ्या कारणापेक्षा ते बरं दिसत होतं.

रविवारनंतरही लोभ राहिला तर ठेव.

विद्याधर

*

बोरिवली (पश्चिम)
१८ मे २०२५, सकाळी ११

पोच

घर क्रमांक ३०२ आज रिकामं झालं. विद्याधरने सोसायटीच्या अध्यक्ष हमीदा परकार यांच्याकडे माझ्यासमोर दिलं ते असं:

दाराच्या किल्ल्या, तीन. गच्चीची किल्ली, एक.

बांधकामाची डायरी, सन १९८४, एक. त्यातलं १२ एप्रिलचं पान त्याने उभं राहून वाचून दाखवलं. मजकूर: ‘बोअरचं पाणी खारट लागतं. यात माल कालवला तर सळया गंजतील असं कंत्राटदाराला बजावलं. तो हसला. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब त्याच पाण्यात ओतला. मी पुन्हा बोललो नाही.’ अक्षर त्याचंच. म्हणाला, ज्या स्लॅबबद्दल गप्प बसलो त्याच्याखालीच शेवटपर्यंत राहायचं ठरवलं होतं.

हमीदाबाईंनी पान स्वतः एकदा वाचलं, डायरी पिशवीत ठेवली, आणि त्याला टेम्पोत पुढच्या सीटवर बसायला सांगितलं.

देणार: विद्याधर. घेणार: हमीदा परकार. साक्षीदार: जयंती.