चौदा किलोमीटर बिननंबरी

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (ते उचलून घ्यायला तू सांगशील याची या खेपेला खात्री नाही, म्हणून तिथेच ठेवून पुढचं लिहितो.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा उजवा हात कितपत उचलतो? घास तोंडापर्यंत आपला आपण नेतात का? इकडे सगळे ठीक आहेत.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. दोन महिने बस बंद आहे, आठवड्यातून दोनदा आतोबांना हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं ते बंद पडलंय, रस्त्याखालची पाण्याची मोरी खचलीय, आणि शेवटच्या ओळीत, ‘तू त्या रस्ते खात्यात सोळा वर्षं काय करतोस?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे, आणि ते मला शोभणारं नाही.

केंद्राचे रस्ते वेगळे, गावांचे वेगळे. मधले जे उरतात ते आमचे, म्हणजे प्रांतिक महामार्ग. त्यांना नंबर देणारी ती क्रमांक शाखा. शाखा म्हणजे एक टेबल, भिंतभर नकाशा आणि मी. नियम तसे सोपे आहेत. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याला विषम नंबर, पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला सम. मोठी शहरं जोडणारे रस्ते दोन आकडी, त्यांना फुटणारे फाटे तीन आकडी, आणि तीन आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा. नंबर मिळाला की रस्त्याला विभाग मिळतो, विभाग मिळाला की इंजिनियर, आणि इंजिनियर मिळाला की खडी-डांबर. नंबर नसलेला रस्ता ही खात्याच्या लेखी नुसती लांबट मोकळी जागा. (हे वाक्य माझं नाही. आमच्या हेडक्लार्कचं आहे, आणि ते हे अभिमानाने म्हणतात.)

गेल्या वर्षी नवे मोठे साहेब आले. आल्या आल्या ते स्वतः सत्तावीस नंबरच्या रस्त्याने निघाले आणि भलत्याच शहरात पोचले, कारण सत्तावीस नंबरचे रस्ते आमच्याकडे तीन होते: सत्तावीस, सत्तावीस अ, आणि सत्तावीस अ जुना. त्यांनी हुकूम काढला की सगळ्या रस्त्यांना नव्याने नंबर द्या. एकूण दोनशे बारा रस्ते. मी तीन महिने मान वर केली नाही. दोनशे अकरा सरळ गेले. अडला तो तुझा.

तुझा रस्ता पुलापासून आठ किलोमीटर उत्तरेला जातो, पाण्याच्या टाकीपाशी वळतो आणि पुढचे सहा किलोमीटर पूर्वेला. मग तो विषम की सम? उत्तर विभाग म्हणाला, शेवटी तो पूर्वेलाच पोचतो, तेव्हा पूर्व विभागाने सांभाळावा. पूर्व विभाग म्हणाला, तो जन्मला उत्तरेत, मोठा झाला उत्तरेत, आता म्हातारपणी आमच्या गळ्यात कशाला? फाईल सहा वेळा गेली आणि सहा वेळा आली. सातव्यांदा मी त्या रस्त्यासमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारून घेऊ म्हणून कागद बाजूला ठेवला. आमच्या टंकलेखिका बाई फार काटेकोर आहेत, पेन्सिलीचं काही टाईप करत नाहीत. यादी छापून आली. मी मोजली, दोनशे अकरा भरली. आधीच्या मोजणीत एखादा रस्ता दोनदा धरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आत्या, चूक झाली ती इथे. पुन्हा मोजायला दहा मिनिटं लागली असती. मी डबा उचलला आणि घरी गेलो.

बाकीचं तू भोगलंसच. डेपोत यादी गेली, तुझा रस्ता यादीत नाही म्हणून बस बंद झाली. मोरी खचल्याचं तुम्ही दोन्ही विभागांना कळवलंत, दोघांनी ‘आमच्याकडे असा रस्ता नाही’ असं उत्तर दिलं. उत्तर खरं होतं. तेच जास्त वाईट.

शेवटी जागेवर पाहणी ठरली. दोन विभागांचे दोन इंजिनियर, मोजणीचं चाक घेऊन आमचा म्हातारा मुकादम, आणि मी. पाचव्या किलोमीटरला जीपचं पुढचं चाक त्याच मोरीत गेलं. (दोन दिवस तिथे तिरकी उभी असलेली जीप तू पाहिली असशील. ती आमचीच.) आता क्रेन कोण मागवणार? उत्तरवाले म्हणाले, मी क्रेन मागवली म्हणजे रस्ता माझा असं होईल. पूर्ववाल्यांचंही तेच म्हणणं. अर्धा तास दोघे मोरीच्या दोन काठांवर एकमेकांकडे पाठ करून उभे होते. शेवटी मुकादमाने मोजणीच्या चाकाला टेकून विचारलं, “साहेब, जीप कुणाची ते तरी ठरलंय ना?”

तेही ठरलेलं नव्हतं. मग आम्ही उरलेले नऊ किलोमीटर पायी निघालो. पुढे मुकादम चाक ढकलत, मागे दोन इंजिनियर नव्या बुटांत लंगडत, आणि सगळ्यांच्या मागे मी. तुझ्या फाटकासमोरून गेलो तेव्हा आतोबा व्हरांड्यात बसले होते. डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट उघडत होते, आणि उघडलेलं बोट सोडलं की पुन्हा मिटत होतं. मी तोंडावर रुमाल धरला आणि चालत राहिलो. ऊन कडक होतं, पण रुमाल उन्हासाठी नव्हता.

मोजणीने काहीच सुटलं नाही. पुलाची उतरण धरायची की सोडायची यावर नवा वाद निघाला आणि फाईल आठव्यांदा निघाली. इतक्यात त्या रस्त्यावर राहणाऱ्या एका बाईंचा एक पानी अर्ज थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचला. साहेबांनी तो बैठकीत मोठ्याने वाचला. त्यात एक वाक्य होतं: ‘रस्ता कुठल्या दिशेला जातो हे मला कुणी विचारलं नाही. तो दवाखान्याला जातो.’ साहेबांनी पेन काढलं (पेन्सिल नव्हे) आणि यादीच्या तळाशी लिहिलं: तीनशे सतरा, उत्तर विभाग.

तेव्हा आता तुझा रस्ता प्रांतिक महामार्ग तीनशे सतरा. मोरीचं काम सुरू झालंय, मुकादम स्वतः उभा आहे. सोमवारपासून बस येईल. सकाळी सव्वाआठची धरलीस तर आतोबांना दवाखान्यात ताटकळावं लागणार नाही.

थोरांना माझा नमस्कार सांग. घेतील त्यांनाच सांग.

तुझा भाचा

ता. क. – त्या अर्जावर सही तुझी आहे. म्हणजे मी केलेली. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर तुझी सही लागायची, त्यातल्या निम्म्या मीच करायचो. हे आज सांगतोय, रागवायचं तर एकदमच रागव. गुरुवारी खात्याचे तपासनीस तुझा जबाब घ्यायला येतील. ‘अर्ज माझाच आहे’ असं कृपा करून म्हण. हे पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. क. २ – अर्जात शेवटी तुझ्या नावाने असंही लिहिलंय: ‘माझा सख्खा भाचा याच खात्यात आहे. त्यानेच हा रस्ता गाळला, आणि पुन्हा मोजायचं सोडून घरी गेला. लहानपणी त्याला मी सांभाळलं आहे.’ साहेबांनी विचारलं, हा भाचा कोण? मी उभा राहिलो. आता माझी बदली मोजणीच्या पथकावर झाली आहे, चाक ढकलायला. तपासनीस तुला विचारतील की भाच्याला शिक्षा पुरेशी झाली का. बाकी सगळ्याला हो म्हण. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र तुझ्या मनाने दे.