एका घरात दोन चुली

मॅडम, मुलाने बेसमेंटमध्ये वेगळा स्टोव्ह बसवून घेतला त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुटुंबाचा विषय निघाला की माझ्या डोक्यात तुमचाच तास भरतो. फळ्यावर 'पितृस्थानी निवास' असं लिहून तुम्ही म्हणायचात, नवरी नवऱ्याच्या माणसांत राहायला जाते, एवढ्याचं हे जड नाव. इथे कॅनडात, सस्काटूनला माझ्या घरी ती पद्धत आली ती घरभाडं परवडेना म्हणून. लग्नानंतर मुलगा आणि सून आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आले. सून इथलीच, शेतकऱ्याच्या घरातली, पणजोबा युक्रेनहून आलेले. मला कोण आनंद झाला होता. ओळखीच्या सगळ्यांना मी ऐटीत सांगत सुटले, आमचं आता संयुक्त कुटुंब. आणि थोड्याच दिवसांत हा स्टोव्ह आला. मुलगा म्हणाला, "आई, डोन्ट टेक इट पर्सनली. आमच्या जेवायच्या वेळा वेगळ्या आहेत ना." मी हसून बरं म्हटलं आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले.

कारण चूल वेगळी झाली की कुटुंब वेगळं झालं, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणजे पुस्तकात होतं म्हणून शिकवलेलं. तुमचा त्यावर पुरता विश्वास कधी नव्हता. नागपूरला बी.ए.च्या वर्गात असताना तुम्ही आम्हाला कॉलेजमागच्या वस्तीत पाहणीला पाठवता. मी एका घरात डोकावते, तीन भाऊ, तीन चुली, आणि बाहेर येऊन ठणकावून सांगते की इथे तीन विभक्त कुटुंबं आहेत. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघता. "चुली मोजल्यास. वाट्या कुठून कुठे जातात ते पाहिलंस का?" सगळ्यांसमोर परत पाठवता. मी फणफणत जाऊन त्यांच्या दारात बसते. थोरल्या जावेकडून मधलीकडे पिठलं जातं, आणि तीच वाटी गुळाचा खडा घालून परत येते. कुणाचंच भांडं रिकामं परत जात नाही. निघताना तुम्ही थर्मासमधला चहा मला दिलात आणि म्हणालात, "लोकांचं आपण ठरवायचं नसतं, त्यांना विचारायचं असतं." तुमचं समाजशास्त्र मला नोकरीत कधी उपयोगी पडलं नाही, पण हे वाक्य राहिलं.

मग मीही खाली वाट्या पाठवायला लागले. कधी भरली वांगी, कधी साबुदाण्याची खिचडी. सून त्याच संध्याकाळी वाटी घासूनपुसून लख्ख करून वर आणून द्यायची. रिकामी. दर वेळी रिकामी. आपली रीत तिला कुठून ठाऊक असणार, हे कळत होतं, पण मनाला लागायचं ते लागतच होतं. तिला आमच्याशी देणंघेणं ठेवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं आणि वाट्या बंद केल्या. घर एकदम गप्प झालं.

परवा सकाळी आम्ही दोघी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो आणि तुमचं वाक्य आठवलं. मी तिला इंग्रजीत सरळ विचारलं, वाटी इतक्या घाईने का परत करायचीस? ती गोरीमोरी झाली. म्हणाली, वाटी लवकर वर गेली तर लवकर भरून येईल, असं तिला वाटायचं. मग वाट्या थांबल्या, तेव्हापासून ती माझ्या मुलाला रोज विचारत होती की आपलं काय चुकलं. मी तिला आपली रीत सांगितली. मग आम्ही फावड्यांवर रेलून इतकं हसलो की समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या.

त्याच संध्याकाळी तिच्या निळ्या वाटीतून पेरोगी वर आल्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वर लोण्यात परतलेला कांदा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, मला त्या अगदीच अळणी लागल्या. तरी सगळ्या खाल्ल्या. मग ती निळी वाटी घासली, पुसली, आणि तिच्या रीतीने रिकामीच खाली नेऊन दिली.