नदीपलीकडचं गिऱ्हाईक

प्रिय जयराज,

रिजवानचा सलाम. छावणीत तुझी तब्येत ठणठणीत असेलच. इकडं तुझ्या आईचा, मनुकाकींचा, आवाज इतका खणखणीत आहे, की कोयना ओलांडून थेट माझ्या दुकानात येतो. (गिऱ्हाईक मात्र येत नाही. तेच सांगायला बसलोय.)

मलकापूरला नदीकाठी मी गाद्यांचं नवं दुकान टाकलं. जागा अगदी शास्त्रशुद्ध निवडली बरं! नकाशा पसरला, बायकोची बांगडी त्यावर ठेवली आणि पेन्सिल फिरवली. आतली सगळी घरं आपली! सिमरन म्हणाली, "आवं, फटफटीवरनं एकदा फिरून तर बघा." मी हसलो. आता बांगडीच्या आत काय निघालं? एकीकडं आगाशिवचा डोंगर, तिथं शेळ्या चरतात, आणि शेळ्यांना गादी लागत नाही. मधोमध नदी. पलीकडं तुमचं भरलेलं गाव, हाकेच्या अंतरावर. पण पूल गाठायचा, हायवेचा वळसा घ्यायचा, उसाच्या ट्रॉलीमागं रांगायचं, म्हणजे गादी घ्यायला निघालेल्या माणसाची वाटेतच झोप होते.

परवा काकींनी पलीकडच्या घाटावरून धुणं आपटत विचारलं, "रिजवान, डबलची गादी कशी दिलीस रं?" मग नदीवरूनच आमची घासाघीस चालली. दोन्ही काठ कान देऊन होते. एका म्हाताऱ्यानं तर मध्ये पडून तोडही काढली. सौदा ठरला, मी आनंदानं वेडा! गादी टेम्पोत टाकून सुटलो, ट्रॉलीमागं अडकलो, आणि पोचलो तेव्हा काकी दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून घेतलेल्या गादीवर घोरत होत्या.

हसू नकोस गड्या. या लग्नसराईत दुकान चाललं नाही, तर अब्बांचं कापूस पिंजायचं यंत्र विकावं लागेल.

तुझाच,
रिजवान

ता. क. तुमच्या घराचा पुढचा सोपा रिकामाच पडलाय. दुकानाला मिळेल का? काकींकडं शब्द टाक. (पत्र खरं तर याचसाठी.)

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार, तोच पलीकडून काकींची हाक आली, "सोपा कवाच सिमरनला दिलाय रं! यंत्र बी बसलं, दारात लय गर्दी हाय!" सकाळी ते यंत्र टेम्पोत चढवायला मीच हात लावला होता, दुरुस्तीला नेते म्हणाली होती. तेव्हा जागेचं राहू दे. ती तुला राखी बांधते, तुझा शब्द मोडायची नाही. तिला एवढंच लिही, की रिजवान गाद्या बऱ्या शिवतो, त्याला कामावर ठेव.