गुळगुळीत पत्रा

रविवार, संध्याकाळ

इतका गुळगुळीत पत्रा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाहायला नको होता.

परवा नानांच्या जुन्या गाडीची फेरनोंदणी आहे. त्याआधी बॉनेटखालचा भाग घरीच रंगवू, असं मी आणि धाकट्या शेखरनं ठरवलं. इंजिनामागच्या पत्र्यावर त्याला गंजाचे खड्डे दिसले. त्यानं ग्राइंडर फिरवला, पुट्टी भरली, माणिकपूरहून आणलेला रंग मारला.

"दादा, बघ. आरसा झालाय आरसा!"

मीही बोट फिरवून वाहवा केली.

मग नाना खाली आले. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. पण दर तपासणीला चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायचं काम त्यांचंच, त्यामुळे ती जागा बोटांना पाठ. बोटं थेट तिथंच गेली. मागेपुढे फिरली. थांबली.

"कोनाची गाडी रे ही?"

शेखर हसला. "नाना, आपलीच की!"

माझ्या मात्र तेव्हा लक्षात आलं. ते खड्डे नव्हतेच. कारखान्यात ठोकलेले आकडे होते. आता परवा ही गाडी आपली म्हणून कशावरून सांगायचं?

आम्ही वर आलो. नाना अजून पार्किंगमध्येच उभे आहेत, त्या गुळगुळीत पत्र्यावर बोट ठेवून.